बिजलीबाईची नदी

पैनगंगेकडे उतरत जाणाऱ्या माळावर, फुलसावंगीहून अर्ध्या दुपारच्या वाटेवर, धरमसिंगचा तांडा होता. त्या लोकांच्या आजा-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले. पुढं आगगाडी आली, मोटार आली, लदणीचे बैल नांगराला जुंपले गेले आणि फिरस्ते गोर, म्हणजे बंजारा लोक ज्वारी-कपाशीचे शेतकरी झाले. मिठाच्या गोणी गेल्या. पण त्या गोणींबरोबर एक बिनवजनाची चीज मुलूखभर फिरत होती, ती तांड्यात उरली. ती म्हणजे कोडी. त्यांना कधी कागद लागला नाही. एका तोंडातून निघायचं, दुसऱ्याच्या कानात मुक्काम करायचा आणि उजाडलं की पुन्हा वाटेला लागायचं, ही त्यांची चाल. बैलांची होती तीच.

धरमसिंग हा या तांड्याचा कोडं घालणारा. उंच, वाळलेला, वाकलेल्या तुऱ्हाटीसारखा माणूस. बोलायला सावकाश. कुणी ‘राम राम’ घातला तर त्याचा ‘राम राम’ येईस्तोवर समोरचा चार पावलं पुढं गेलेला असे.

तांड्यात लग्नाची एक रीत होती. वेतडू, म्हणजे नवरदेव, मांडवात येऊन बसला की त्याच्यापुढं लापशीचं ताट ठेवायचं. ताटावर हात धरून मुलीकडच्या जाणत्यानं कोडं घालायचं. सुटलं तर हात निघाला आणि जेवण सुरू. नाही सुटलं तर वेतडूकडच्या कुणीतरी एक गाव द्यायचं. नुसतं तोंडानं. “घ्या, पुसद दिलं.” “घ्या, माहूर दिलं.” गाव मिळालं की कोडं घालणाऱ्यानं हरलेल्याच्या नाहीतर गाव देणाऱ्याच्या कानाशी लागून उत्तर सांगायचं. फक्त कानात, कारण उत्तर चारचौघांत फुटलं की कोडं मेलं. ऐकणाऱ्यानंही ते पोटात ठेवायचं. आणि गाव घेऊन ज्याला उत्तर देता आलं नाही, त्याचं नाव पडायचं ‘गावखाऊ’. हे नाव माणसाबरोबर मरत नसे. त्याच्या लेकरांना लागायचं, आणि लेक सासरी गेली तर तिच्या मागोमाग नदी ओलांडून जायचं.

धरमसिंगच्या आधी हे काम त्याची याडी, म्हणजे आई, बिजलीबाई करायची. अशी कोडं घालणारी पुन्हा झाली नाही. बाभुळगाव तर तिनं दोनदा जिंकलं होतं. ज्यांनी दिलं त्यांचंही ते नव्हतं आणि जिनं घेतलं तिचंही झालं नाही, पण बिजलीबाई बाजारात चालायची ती गावांच्या मालकिणीसारखी.

तिचं सगळ्यांत खोल कोडं नदीचं. लोक त्याला ‘बिजलीबाईची नदी’च म्हणायचे. ते असं: पुराची नदी. काठावर चौघं. सासरा, जेठ म्हणजे थोरला दीर, नवरा आणि नवी सून. डोंगा एकच, त्यात दोघांपुरती जागा. डोंगा आपल्या पायानं परत येत नाही, कुणीतरी वल्हवून आणावा लागतो. सुनेला काठावर किंवा पाण्यात एकटी सोडायची नाही. आणि नवरा जवळ नसताना तिनं सासऱ्यासोबत किंवा जेठासोबत राहायचं नाही, घुंगट ओढलेला असला तरी नाही. तर चौघं पार कशी गेली?

बाकीची कोडी बिजलीबाईनं जातं ओढता ओढता लेकाला उत्तरांसकट दिली. नदीचं विचारलं की म्हणायची, “थांब, बेटा. पानी उतरू दे.” मग एका श्रावणात तिला ताप भरला आणि बोलणं आधी गेलं, ती मागून गेली. कोडं धरमसिंगकडं आलं. उत्तर आलं नाही.

त्यानं ते कोडं बाजूला ठेवून दिलं. दुसरी पुष्कळ होती. त्यांच्यावर कितीतरी लग्नं निघाली, धरमसिंगच्या नावावरही गावं जमली, आणि याडीच्या गादीवर बसलेला हा माणूस आतून अर्धा रिकामा आहे हे कुणाला कळलं नाही.

मग त्याच्या हंसाचं लग्न ठरलं.

महाराष्ट्र राज्य होऊन वरीस झालं होतं. नदीपलीकडचा काठ, जो धरमसिंगच्या उमेदीपर्यंत निजामाचा होता, तो आता आपलाच झाला होता, आणि तिकडच्या एका तांड्यातून हंसाला मागणी आली. मुलाचा बाप लालसिंग, भारी अंगाचा, कमी बोलणारा शेतकरी. घर चांगलं. गूळ खाऊन सगाई झाली. आणि मागून मुलाच्या आजीचा, नंदाबाईचा निरोप आला. निरोप्यानं तो तिच्याच तोऱ्यात सांगितला:

“नातवाले दुसरं कोनतं कोडं चालनार नाई. बिजलीबाईची नदीच घाला. तिनं माह्या दादल्याले हरवलं होतं भरल्या मांडवात. कानात काय सांगतलं ते त्यानं मले मरेपर्यंत सांगतलं नाई. आता तिचा लेक हाये अन् माहा नातू हाये. पाहून घेऊ.”

धरमसिंग ‘नाही’ कसं म्हणणार? नाही म्हटलं तर विचारतील, काहून नाही? हो म्हटलं आणि नातू हरला, तर उत्तर द्यावं लागणार. नाही दिलं तर हंसा सासरच्या उंबऱ्यात पाऊल टाकेल ती गावखाऊची पोर होऊन. पाणी भरताना, भाकरी थापताना, जावेशी भांडताना तिला तेच ऐकावं लागेल.

“घालतो,” तो म्हणाला. निरोप्या तोवर चिलीम पेटवून बसला होता.

त्या दिवसापासून माणूस हरवला. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायच्या सोडून तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसायचा. पांढरी गारगोटी म्हणजे सासरा. खापराचा तुकडा म्हणजे जेठ. बाभळीची शेंग म्हणजे नवरा आणि लाल गुंज म्हणजे सून. पायातला जोडा काढून त्याचा डोंगा केला. नांगराचं तास म्हणजे नदी.

आधी नवरा-बायको पार नेली, तर डोंगा आणायला नवरा परतायचा आणि गुंज एकटी पडायची. नवऱ्यानं सासऱ्याला नेलं, तर इकडं गुंज जेठाजवळ राहायची. मग त्यानं गारगोटी आणि खापर दोघांना जोड्यात घालून पार नेलं. जेठ तरणा, तो डोंगा घेऊन परतला. नवरा-बायको बसून पार गेली. इथवर जमायचं. पण आता जेठ या काठावर आणि डोंगा त्या काठावर. कोण आणणार? नवरा निघाला की सून सासऱ्याजवळ. सून निघाली की पाण्यात एकटी. आणि सासरा तर मानानं पार नेऊन बसवलेला, त्याचा हिशेब संपलेला. धरमसिंग सगळं उधळायचा आणि पुन्हा मांडायचा. दरवेळी तिथंच यायचा, जसा घाण्याचा बैल फिरून फिरून त्याच खुंट्याशी येतो.

त्याची बायको धुरपता भाकर घेऊन यायची आणि डोक्यावरची पाटी न उतरवता उभी राहायची.

“जोडा घाला पायात. काटे हायेत. लोक म्हनून राह्यले, पोरीच्या लग्नानं बुढा येडा झाला.”

“धुरपता, चौघं पार कशी जातीन?”

“सासऱ्याले घरीच ठेवा ना! म्हातारा मानूस, कायले नेता पुराच्या पान्यात?”

“कोड्यात तो हाये.”

“मंग कोडं चुकीचं हाये,” धुरपता म्हणाली आणि पाटी उतरवली.

शेजारच्या वावरातले भगवानराव कुणबी, पंचक्रोशीत शहाणे म्हणून मानलेले. तेही येऊन बसले आणि बराच वेळ खड्यांकडे पाहून म्हणाले, “उन्हाळ्यात जा ना बावा पायी! घोट्याइतकं पानी राह्यते पैनगंगेत.”

“कोड्यात उन्हाळा नसते, भगवानराव.”

“मंग डोंग्याले दोर बांधा अन् ओढा इकडून.”

“दोर नाई कोड्यात.”

“उन्हाळा नाई, दोर नाई. मंग हाये काय तुमच्या कोड्यात? चार मानसं अन् आफत!”

धरमसिंगला ते अगदी पटलं. चार माणसं आणि आफत. पण त्यानं नदी काही उतरली नाही.

मग त्याला सुचलं, याडीनं ज्यांच्या कानात उत्तर सांगितलं ती माणसं कुठंतरी असतीलच ना! ढाणकीच्या बाजाराला जाऊन त्यानं किसनसिंगला गाठलं. ऐन तारुण्यात हा बिजलीबाईकडून हरलेला. आता दात गेलेले, धान्याच्या पोत्यांना टेकून बसलेला. धरमसिंगनं पाय धरले, पोरीचं सांगितलं. किसनसिंगनं इकडंतिकडं पाहिलं.

“सांगू नोये. पन तू तिचाच पोरगा. ऐक. तुही माय माह्या कानाशी वाकली अन् म्हने, ‘जेवून घे बेटा, लापशी थंडी होऊन राह्यली.’”

“अन् पुढं?”

“पुढं मी जेवलो.”

“अन् नदी?”

“मले वाटलं नदीचं नंतर सांगन. नंतर ती दुसऱ्या पंगतीत गेली. मी बी इचारलं नाई. एवढ्या मानसांत कोन म्हनन का मले समजलं नाई?”

धरमसिंगला वाटलं, म्हातारा विसरला असेल. म्हणून तो यष्टीच्या मोटारीत बसला आणि थेट बाभुळगावाकडे, याडीकडून हरलेल्या हरिसिंगच्या तांड्यावर गेला. हरिसिंगची आठवण शाबूत होती. तो हसतच सुटला.

“मले म्हने, ‘हास अन् मान हालव. तुह्या घरच्यायले वाटलं पायजे का तुले कळलं.’ मी हासलो. मान हालवली. आजपर्यंत हालवून राह्यलो!”

परतीच्या मोटारीत धरमसिंग खिडकीशी बसला होता. बाहेर पळसाची झाडं मागं जात होती की मोटार पुढं जात होती, हेही त्याला धड समजेना. एका कानात लापशी, दुसऱ्या कानात हसू. नदी कुठंच नाही. म्हणजे याडीला उत्तर ठाऊक नव्हतं? की ठाऊक असून तिनं दिलं नाही? की उत्तरच नाही, आणि भरल्या मांडवांतून ती एक रिकामी नदी वाहवत नेत होती? ज्या आईकडं तो जन्मभर मान वर करून पाहत आला, ती त्याला मोटारीच्या धुळीत कधी दिसायची, कधी नाहीशी व्हायची. आणि या गोंधळात एक लबाड दिलासाही होता. उत्तर नसलं तरी चालतं. कान असला म्हणजे झालं. वाकायचं, दोन शब्द बोलायचे. याडीनं केलं तेच.

वैशाखात लग्न लागलं. पळसाच्या पानांचा मांडव, वर बाभळीची सावली. दुपार कलली तसं वऱ्हाडाला बसवलं. वेतडूच्या पुढं लापशीचं ताट आलं. धरमसिंगनं ताटावर हात धरला आणि नदी घातली. सावकाश, एकेक माणूस काठावर उभा करत. याडीची लय त्याच्या गळ्यात होती. बायका पंखा हलवायच्या थांबल्या.

वेतडू बिचारा वीस वर्षांचा. त्यानं बोटं मोडली, कपाळ पुसलं.

“पोहता येते का त्यायले?” त्यानं विचारलं.

“नाई.”

“कोनालेच?”

“येत असतं तं डोंगा कायले लागला असता, जावईबापू?” पोरींच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसला.

शेवटी त्यानं आजीकडं पाहिलं. नंदाबाई याचीच वाट पाहत होती. लहानशी, कोपरापर्यंत बलोया, हस्तिदंती बांगड्या ल्यालेली म्हातारी पुढं सरकली.

“हारला माहा नातू. घे, उमरखेड दिलं. कचेरीसकट दिलं!”

धरमसिंग उठला. तिच्या कानाशी वाकला. ओठांवर याडीचे शब्द तयार होते. पण म्हातारीनं त्याच्या छातीला हात लावून त्याला मागं सारलं.

“कानात नको, बावा. दोन्ही कान गेले माहे. ढोल वाजला तरी मले दिसते, आयकू येत नाई. मोठ्यानं सांग. आमचा बुढा पोटात घेऊन गेला, आज साऱ्या मांडवाले आयकू दे.”

तरी धरमसिंगनं तिच्या कानात एवढंच पुटपुटून पाहिलं, “जेवून घ्या, माय.”

“काय? काय म्हने हा?” नंदाबाई नातवाला विचारू लागली.

तांड्याच्या नायकानं खाकरून म्हटलं, “धरमसिंग, गाव घेतलं तू. सांग आता.” समोर हंसा बसली होती. घुंगटातून तिचे डोळे दिसत नव्हते, पण मेंदी लावलेले हात एकमेकांत घट्ट गुंतलेले दिसत होते. वेळ काढायला म्हणून धरमसिंग बोलून गेला, “सांगून नाई समजनार. करून दाखवतो. उठा!”

त्यानं कुणाची तरी घोंगडी घेऊन जमिनीवर टाकली. हा डोंगा. मांडवाच्या मधल्या खांबापासून नदी. लालसिंग सासरा, त्याचा थोरला मुलगा जेठ, वेतडू नवरा आणि हंसा सून. लोकांना मौज वाटली. पोरं पुढं सरकली.

लालसिंग आणि थोरला घोंगडी धरून पलीकडं गेले. थोरला घोंगडी घेऊन परत आला. मग वेतडू आणि हंसा पलीकडं गेली. गेल्याबरोबर लालसिंग मांडी घालून बसला, आणि धरमसिंगनं तोंड मिटलं. खुंटा आला होता. जिथं जोडा अडला, गारगोटी अडली, तिथंच आता हाडामासाची माणसं अडली. धरमसिंग कधी या काठाकडं पाही, कधी त्या.

“मंग?” नायकानं विचारलं.

“मंग...” धरमसिंग म्हणाला.

“मले इथंच ठेवता का?” अलीकडून थोरल्यानं हाक दिली. “तुमचं लग्न झालं, मी राहू पुरात?”

हशा झाला. हशा ओसरला. वेतडू उठायला लागला तशा बायका ओरडल्या, “ए, नवरीले सासऱ्याजवळ टाकून कुठं चालला?” तो पुन्हा बसला. हंसा हलली, तर तिच्या मावशीनं “एकटी नाई, एकटी नाई” म्हणून हात केले. सगळा मांडव त्या घोंगडीकडं पाहत राहिला. पंक्तीतल्या लापशीवर साय धरली.

तेव्हा लालसिंग गुडघ्यावर हात देऊन कण्हत उठला. “काय तमाशा लावला. पोरगं तिकडे उपाशी उभं हाये अन् सारे तोंड पाहून राह्यले,” असं म्हणत त्यानं घोंगडी उचलली, खांद्यावर टाकली, आणि एवढा भारी माणूस डुलत डुलत नदी ओलांडून अलीकडं आला. थोरल्याचा हात धरला. दोघं पलीकडं गेले. तिथं वेतडू आणि हंसा जोडीनंच बसली होती.

कुणाला काही कळायच्या आत चौघं पार होती.

सासऱ्यानं वल्हं धरायचं! पार नेऊन बसवलेल्या म्हाताऱ्याला ‘उठा, डोंगा आणा’ म्हणून सांगायचं, हे तांड्यात कुणाच्या ध्यानीमनी येणं शक्य नव्हतं. धरमसिंगच्या हातातून ती गारगोटी इतक्या दिवसांत एकदाही मागं सरकली नव्हती.

मग जो गलका उडाला! मुलीकडचे म्हणाले, आमच्या माणसानं चौघांना बसवलं, उत्तर त्यानं दिलं, उमरखेड आमचं. मुलाकडचे म्हणाले, डोंगा आमच्या लालसिंगनं आणला, उत्तर आमच्याकडून गेलं, उमरखेड परत करा. नायकानं पागोटं काढून डोकं खाजवलं. खुद्द लालसिंग विचारत होता, “कोनतं उत्तर? मी काय केलं?”

नंदाबाईला गलका ऐकू येत नव्हता. तिनं ती चार माणसं मात्र पाहिली होती, एकाजवळ एक बसलेली. ती धरमसिंगजवळ आली. डोळे ओले होते.

“तुह्या मायनं हेच सांगतलं असन ना माह्या बुढ्याले? हेच ना?”

धरमसिंगनं मान हलवली. ती ‘हो’ची होती की ‘नाही’ची, हे त्याचं त्यालाच समजलं नाही. म्हातारीनं पदरानं नाक पुसलं, नातवाच्या ताटावरची माशी उडवली आणि म्हणाली, “जेव आता.”

उमरखेडचा निकाल लागलाच नाही. पण गावखाऊ हा शब्दही त्या मांडवात निघाला नाही. हंसा गेली, घुंगट खाली ओढून, गाडीत नंदाबाईच्या शेजारी बसून. धरमसिंग नदीपर्यंत गाडीमागं चालत गेला. पाणी घोट्याइतकं होतं. भगवानराव खरं बोलले होते.

त्यानंतर ‘बिजलीबाईची नदी’ मेली. पावसाळा लागायच्या आत फुलसावंगीच्या बाजारातली चिल्लीपिल्ली एकमेकांना सांगू लागली, “सासऱ्याले उठव, सासऱ्याले!” धरमसिंग लग्नांत दुसरी कोडी घालत राहिला. लोक त्याला अधिकच मानायला लागले, आणि हे कशाबद्दल ते त्याला कळत नसे. याडीचं उत्तर हेच होतं का? की तिच्याजवळ आणखी कोणतं होतं? की लापशी आणि हसूच होतं? धुऱ्यावर बसला की तो हे मनात उलटंसुलटं करी आणि पऱ्हाटीला लागलेली बोंडं तशीच राहून जात.

दिवाळीला हंसा माहेरी आली. अंगानं भरली होती, आवाजही मोठा झाला होता. आल्या आल्या धुरपतानं विचारलं, “सासरी काही बोलतात का?”

“बोलतात ना! मलेच बोलावतात साऱ्या लग्नाइले. बुढी आजी म्हने, बिजलीबाईची नात हाये, कोडं हीच घालन. दोन गावं जिंकली मी, बा.”

धरमसिंगचा चेहरा उजळला. मग काळजीत पडला. “कोनतं घालतं? नदीचं तं साऱ्यायले मालूम हाये.”

“नदीचंच. पन मी त्यात बकरी घातली.”

“बकरी?”

“सुनेच्या माहेरची बकरी. सुनेवाचून राहत नाई, ओरडते. अन् तिले डोंग्यात मानसाएवढी जागा लागते.”

धरमसिंगनं विचारलं, “वल्हवते का ते?”

“बा! बकरी कशी वल्हवीन?”

“मंग तं...” तो म्हणाला. हंसा हसत चुलीकडं गेली. मायलेकींचं बोलणं आणि भाकरीची थापथाप सुरू झाली. धरमसिंगनं अंगणातच जोडा काढला, खडे गोळा करून मांडले. बकरीसाठी काय घ्यावं ते बराच वेळ सुचलं नाही. शेवटी त्यानं हंसाच्या लहानपणची जपून ठेवलेली कवडी घेतली, आणि ती कोणत्या काठावर ठेवावी म्हणून हात तसाच वर धरून बसला.